एक्केचाळीस नंबरची सकाळ

सोमवार, ७ सप्टेंबर

आत्या,

मागच्या पत्रात मी एक चूक लिहिली, ती आधी दुरुस्त करते. दादाची गोळी बंद होऊन चार महिने झाले, असं मी लिहिलं होतं. गोळी बंद झालेली नाही. चार महिने झाले ते रस्त्यावरची नशा विकत घेणं बंद होऊन. गोळी तो रोज घेतो, सकाळी साडेआठला, मी काम करते त्याच उपचार केंद्राच्या खिडकीशी. ती जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत समोर बसून बघायचं, मग "जीभ वर करा" म्हणायचं आणि वहीत बरोबरची खूण करायची, हे काम माझंच आहे.

ही नजरचूक नव्हती. "बंद" हा शब्द लिहिला तेव्हाच मला ठाऊक होतं. वाचून बघितला, बरा दिसला, राहू दिला. चौथीपर्यंत तू मला घरी शिकवलंस, प्रुफाच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवून घेतलीस, आणि खोटं उत्तर आणि चुकलेलं उत्तर यांतला फरकही तेव्हाच सांगितलास. म्हणून चुकलं असं म्हणायची सोय मला नाही.

आणखी एक. तो माझा भाऊ आहे हे केंद्रात कोणालाच माहीत नाही. त्याचं नाव नोंदवताना तिथल्या कारकून बाईंनी विचारलं, "आडनाव एकच दिसतंय, नात्यातले का?" मी म्हटलं, "छे, आमच्या आडनावाची माणसं पोत्यानं मिळतात." त्या हसल्या. दादा मागे बाकावर बसला होता. त्याने ऐकलं की नाही, मी अजून विचारलेलं नाही.

तुझी
शंकू


गुरुवार, १० सप्टेंबर

शंकू,

तुझं मागचं पत्र मी छापखान्यात तिघांना वाचून दाखवलं होतं. आता त्यांना काय शुद्धिपत्र वाटू?

ते एक वेळ चाललं असतं. पण मी त्याच्या जुन्या लिफ्ट कंपनीच्या मालकांकडेही जाऊन आले गं. म्हटलं, आमचे राजे सुटले, आता त्यांना परत घ्या. मालक म्हणाले, "बाई, पोराच्या हातात कला आहे. नुसत्या आवाजावरून सांगायचा कुठला पट्टा घासतोय ते. एक डिसेंबरपासून येऊ दे. पण डॉक्टरची चिठ्ठी आण, की हा आता काहीही घेत नाही. लिफ्टच्या विहिरीत उतरायचं काम आहे. काही झालं तर लोक मला धरतील." मी मान डोलावून आले. आता ती मान कुठे ठेवू?

तो पडला कामावर, पाठ मोडली कामावर. ऑपरेशननंतर दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनीच दिल्या, आणि त्या मिळेनाशा झाल्यावर तो रस्त्यावर गेला. यात त्याचा दोष नाही हे सगळ्यांत आधी मीच म्हटलं होतं, आजही म्हणते. पण मला एक कळत नाही. पुडी सोडून गोळी धरली यात सुटलं काय? एका खुंटीवरचा सदरा काढून दुसऱ्या खुंटीवर टांगला, एवढंच ना?

डिसेंबरला अजून अडीच महिने आहेत. रोज थोडी थोडी कमी केली तर? तू तर तिथेच बसतेस. तुझ्या हातातलं आहे.

फोन करू नकोस. मशीनच्या खडखडाटात चाळीस वर्षं गेली, मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. छापखान्याची गाडी तुमच्या शहरात गठ्ठे टाकायला येतेच, उत्तर गाडीवाल्याकडे दे. तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. "विरघळेपर्यंत"मधला रफार विसरली होतीस, लाल केला आहे.

आत्या


रविवार, २० सप्टेंबर

आत्या,

खुंटी बदलली एवढंच नाही. मला जेवढं कळतं तेवढं सांगते, केंद्रातल्या डॉक्टरबाई सांगतात त्या क्रमाने.

शरीरात संकटाच्या वेळी सुटणारं एक रसायन असतं, कॉर्टिसॉल. तुझ्यामाझ्या शरीरात ते पहाटे चढतं, जाग आल्यावर अर्ध्या तासात सगळ्यांत वर जातं आणि मग दिवसभर उतरत जातं. त्याच्या जोरावर आपण अंथरुणातून उठतो. रस्त्यावरचं घेणाऱ्याची ही चाल बिघडते. पुडीचा अंमल काही तासांत उतरतो, आणि दर वेळी शरीराला वाटतं की घराला आग लागली. दिवसातून तीन-चार वेळा आग. माणूस म्हणतो, "मला घ्यावंसं वाटतंय." पण त्याला तसं वाटायच्या आधीच त्याचं शरीर घाबरून बसलेलं असतं. मग साधं काही झालं, कोणी ओरडलं, बस चुकली, तरी ओढ लागते.

जिभेखालची गोळी नशा चढवत नाही आणि दिवसभर एकसारखी टिकते. रोज ठरल्या वेळी, ठरल्याएवढी. काही महिने असे गेले की शरीराला हळूहळू पटतं की आग लागत नाहीये. सकाळचे आकडे जागेवर येतात आणि ओढही उतरते. आमचा अभ्यास त्याचाच आहे, थुंकीतलं कॉर्टिसॉल मोजायचा. लोक घरी कापसाची गुंडाळी चघळून नळीत घालतात, उठल्या उठल्या एक आणि अर्ध्या तासाने दुसरी, गोळीच्या आधी. मी नळ्या गोळा करते. शिवाय दहा सेंटिमीटरची एक रेघ असते. एका टोकाला "मुळीच ओढ नाही", दुसऱ्या टोकाला "सहन होत नाही". माणसाने फुली मारायची, मी पट्टीने मोजायची. दादाची फुली पहिल्या आठवड्यात त्र्याऐंशी मिलिमीटरवर होती. ऑगस्टमध्ये एकोणीसवर. हे मी तुला सांगायला नको होतं, सांगायची परवानगी नाही. पण तू सदरा म्हणालीस म्हणून सांगितलं.

तरी तुझं म्हणणं मी दादाशी बोलले. नोकरीचं त्याने ऐकून घेतलं. नंतर म्हणाला, "मालकांनी आवाजाचं सांगितलं? पट्ट्याचं?" दोनदा विचारलं.

डिसेंबरपर्यंत जमेल असं वाटतं. काळजी करू नकोस.

शंकू


सोमवार, १९ ऑक्टोबर

शंकू,

काल राजे येऊन गेले. तुझी कर्तबगारी कळली. म्हणाला, "आत्या, अर्ध्यावर आलोय." मी म्हटलं, शाबास, उरलेलं अर्धंही असंच जाईल. तुझ्या डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांग. त्या हळूहळू कमी करताहेत हे बरं झालं.

चेहरा मात्र उतरलाय. घाम किती येतो त्याला. जेवताना तीनदा उठून तोंड धुऊन आला. खाली कोणीतरी दार आपटलं तर हातातलं भांडं सुटलं. मी चेष्टेने म्हटलं, "लिफ्टवाल्याने दाराला घाबरायचं?" तर असा बघायला लागला की मला माझेच शब्द परत घ्यावेसे वाटले. लगेच हसला म्हणा. रिकामं बसण्याने होतं असं. कामाला लागला की खुलेल.

पूर्वी बसायचा तशी उलटी खुर्ची करून बसला होता. तेवढं बघून मला बरं वाटलं.

तुझी पत्रं का आखडली? महिन्यात एक ओळ नाही. तुझ्या पत्रात लाल करायला काही नसलं की मला चुकल्यासारखं होतं.

आत्या


मंगळवार, ३ नोव्हेंबर

आत्या,

कामाचा रेटा होता. दादा ठीक आहे.

तुला एक विचारायचं होतं. आमच्या अभ्यासात एक्केचाळीस नंबरचा एक माणूस आहे. वहीत त्याची गोळी पूर्ण आहे, आठ मिलिग्रॅमची, एक दिवस चुकलेला नाही. तरी ऑक्टोबरपासून त्याचे सकाळचे आकडे वर वर चाललेत, आता जवळजवळ दुप्पट आहेत. एकोणीसवर आलेली फुली चौसष्टवर गेली. डॉक्टरबाईंना वाटलं तो बाहेरचं घेतोय. लघवी तपासली, स्वच्छ निघाली. मग वाटलं नळ्या खराब. नवीन मागवल्या, तेच आकडे. परवा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एवढी नीट गोळी घेणाऱ्या माणसाला ती लागू पडत नाही, म्हणजे आपल्यालाच काहीतरी नवीन शिकायचं आहे." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नोंदी तुमच्या आहेत म्हणून माझा विश्वास आहे."

प्रुफात एखादी चूक तुला आधीच दिसली असेल, आणि पान छापून गेलं असेल, तर तू काय करायचीस? सहज विचारते.

शंकू


शुक्रवार, १३ नोव्हेंबर

शंकू,

तुझ्या सहज प्रश्नाचं उत्तर नंतर. इथे काय झालंय ते ऐक.

काल संध्याकाळी तो दारात उभा राहिला. थरथरत होता, नाक गळत होतं, अंगावर काटा. म्हणाला, "टायरच्या दुकानामागे गेलो होतो. जुन्या जागी. तिथे उभा राहिलो, घेतलं नाही. पाय कुठे न्यावे कळेना म्हणून इकडे आलो." मी आत घेतलं, पांघरूण दिलं, डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी करायचे तसं.

सकाळी त्याची पँट धुवायला घेतली, तर खिशात कागदाची पुडी. उघडली तर आत खडूच्या कपच्यांसारखे तुकडे, मोजले नाहीत पण चाळीसच्या वर असतील. गोळ्यांचे अर्धवट विरघळलेले तुकडे. म्हणजे तुमच्या खिडकीशी गोळी तोंडात घ्यायची आणि अर्धी चोरून बाहेर काढायची. साठवायची. विकायला की एकदम खायला, देव जाणे. मी विचारलं, "हे काय?" गप्प. "चोरी केलीस?" गप्प. "तुझी सख्खी बहीण तिथे मान खाली घालून काम करते, तिच्या डोळ्यांत धूळ फेकलीस?" तर म्हणाला, "तिला काही बोलू नकोस." एवढंच.

एवढ्या विश्वासाने बसवलंय तुला तिथे, आणि घरच्याच माणसाने दगा द्यावा. मी तुझ्या डॉक्टरबाईंना पत्र लिहायला घेतलंय, की हा माणूस गोळी चोरतो, त्याला कडक पहाऱ्यात ठेवा नाहीतर काढून टाका. पाठवायच्या आधी तुला कळवते. तुझ्या कामाला धक्का लागू नये अशा बेताने शब्द घालते आहे.

उद्या पहाटे त्याला गाडीवाल्याबरोबर बसवून देते. हे पत्रही त्याच्याच हाती.

आत्या


शनिवार, १४ नोव्हेंबर

आत्या,

ते पत्र पाठवू नकोस. दादाने चोरी केलेली नाही.

एक्केचाळीस नंबरचा माणूस म्हणजे दादा. गोळी अर्धी बाहेर काढायची हे आम्ही ठरवलं. तुला डॉक्टरची चिठ्ठी हवी होती. डॉक्टरबाईंना मी एकदा आडून विचारलं होतं, की एखाद्याला लवकर कमी करता येईल का. त्या म्हणाल्या, अजून वर्षभर तरी नाही, शरीर नुकतं कुठे शांत होतंय. म्हणून त्यांना न सांगता करायचं ठरलं, पूर्ण सुटल्यावर चिठ्ठी मागायची. बावीस सप्टेंबरपासून. तीन मिनिटं झाली की मी घड्याळाकडे बघायची, तो रुमाल तोंडाला लावायचा, मग मी म्हणायची, "जीभ वर करा." जिभेखाली काही नसायचं. मी बरोबरची खूण करायची. तो तुकडे टाकून देत नसे, कारण केंद्राच्या कचऱ्यात टाकले तर सापडतील आणि घरी टाकले तर कोणी खाईल, ही भीती मीच त्याला घातली होती.

आकडे चढायला लागले तेव्हा मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मीच तुला सगळं लिहिलं होतं ना, आग लागल्याचं. मला पाठ होतं. तरी रोज खूण करत राहिले. चौसष्टची फुली मोजताना मी पट्टी तीनदा लावली. आकडा खोटा लिहिला नाही. वर तोंड करून स्वतःशीच म्हटलं, बघ, आकडा तरी खरा लिहिला. मला त्याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटते.

आणि आता हे वाच. बुधवारी, अकरा तारखेला, बाईंनी ठरवलं की ही गोळी याला पुरत नाही, तर दुसरं औषध द्यायचं. पातळ असतं, जास्त जोरकस. गुरुवारी, एकोणीस तारखेला सुरू. ते किती द्यायचं हे सध्या माणूस किती पचवतोय त्यावरून ठरतं, आणि वहीत तर पूर्ण आठ आहे. खरं त्याच्या निम्मं. ते औषध जास्त झालं तर माणूस झोपतो आणि झोपेतच श्वास मंदावत जातो. हे मला कामाच्या पहिल्या दिवशी शिकवलंय.

दादा आज सकाळी केंद्रात आला. काल त्याचा दिवस चुकला, म्हणून ड्यूटीवरच्या नर्सने फोनवर बाईंना विचारून गोळी दिली. मी समोर बसले होते. आज त्याने पूर्ण विरघळू दिली, नऊ मिनिटं लागली. 

बाई इथे फक्त बुधवारी आणि गुरुवारी असतात. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. नर्सचं बोलणं संपल्यावर मला फोन मागता आला असता.

शंकू


सोमवार, १६ नोव्हेंबर

शंकू,

तुझं पत्र परत पाठवते आहे. एकच जागा लाल केली आहे. "हे आम्ही ठरवलं." कोणी ठरवलं?

"तुझ्या हातातलं आहे" हे मी लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. चिठ्ठीचा तगादा माझा होता. तू केलंस त्यातला माझा भाग मी माझ्याकडे ठेवते, तो तू तुझ्या पदरात ओढू नकोस. पण तुझा आहे तो तुझा.

मी आज लिफ्ट कंपनीत जाऊन आले. मालकांना म्हटलं, मी चुकीचं सांगितलं होतं. तो रोज गोळी घेतो, पुढे कित्येक दिवस घेणार आहे, आणि घेतो म्हणूनच उभा आहे. ते बराच वेळ पेन उघडत-मिटत बसले. म्हणाले, "विहिरीत उतरवता येणार नाही. बाकी बघतो." बघतो म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

त्याला मी चोर म्हटलं. तो माझ्यासमोर पांघरूण गुंडाळून बसला होता आणि मी त्याला चोर म्हटलं. गाडीवाल्याकडे त्याच्यासाठी चिठ्ठी पाठवली होती, तिचं त्याने उत्तर दिलंय. मागच्या बाजूला तुझ्यासाठी लिहिलंय, ते तसंच जोडते. शुद्धलेखन भयंकर आहे, लाल केलेलं नाही.

आत्या

(सोबतचा कागद)

शंकू, मी गप्प बसलो ते तुला वाचवायला, असं आत्याला वाटतंय. तसं नाही. मलाही पटलं होतं की जमेल. रोज तुझ्यासमोर जीभ वर करायला मला कमी लाज वाटत नव्हती. पोत्यानं मिळतात म्हणालीस ते मी ऐकलं होतं. तेव्हा म्हटलं, बरं केलंस, तुझी नोकरी नवी होती. मग जिन्यात जाऊन बसलो थोडा वेळ. लिफ्ट मध्ये अडकली की आतली माणसं सगळी बटणं दाबत सुटतात. त्यांना आधी सांगावं लागतं, थांबा, हात काढा. तू पण हात काढ आता. बाईंना सांग. मला बाहेर उभं करायचं असेल तर उभा राहीन. नसेल तर नाही. दादा.


मंगळवार, १७ नोव्हेंबर

आत्या,

मी ठरवलं. "आम्ही" नव्हे. दादाला मी सांगितलं की हे सुरक्षित आहे, आणि मी तिथे काम करते म्हणून त्याने ऐकलं. तो "एवढं एकदम?" असं म्हणाला होता. ते मी शनिवारच्या पत्रातून गाळलं होतं आणि त्याच्या आधीच्या प्रत्येक पत्रातूनही.

तुझं पत्र दुपारी मिळालं. दादाचा कागद मी केंद्राच्या फ्रीजखोलीत उभी राहून वाचला. नळ्या ठेवायला गेले होते. बाहेरून नर्स म्हणाली, "अहो, आत गोठलात की काय?" मी म्हटलं, येते.

मग वहीतून यादी केली. बावीस सप्टेंबर ते बारा नोव्हेंबर, बावन्न दिवस. प्रत्येक दिवसापुढे मला आठवतं तसं लिहिलंय, किती मिनिटांनी काढली. नक्की आठवत नाही तिथे "आठवत नाही" लिहिलंय. ते एकोणीस ठिकाणी आहे. त्या आकड्यांचा अभ्यासाला उपयोग नाही, ते सगळं काढून टाकावं लागेल, आणि माझ्या हातच्या बाकीच्या नोंदींवरही त्या विश्वास ठेवणार नाहीत. ठेवू नयेच. मला काढून टाकतील. खिडकीशी उद्या दुसरं कोणी बसेल. दादाला काढू नका, एवढं मी मागणार आहे. तेही मागायचा मला हक्क आहे का, माहीत नाही, पण मागणार आहे.

आज पाच वाजता बाईंना फोन लावला. दोनदा वाजला आणि मी कापला. लपवत नाही. एवढं झाल्यावरही कापला. मग परत लावला. म्हटलं, "एक्केचाळीस नंबरच्या नोंदी चुकीच्या आहेत, मी केलेल्या आहेत, नवीन औषध ठरवू नका, समोर येऊन सगळं सांगते." त्या म्हणाल्या, "चुकीच्या म्हणजे कशा?" मी म्हटलं, समोरच सांगते. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, मी औषध थांबवते. उद्या लवकर या." माझ्याशी त्या इतक्या हळू कधी बोलल्या नव्हत्या. अजून त्यांना माहीत नाही तो कोण आहे. ते फोनवर सांगायचं नव्हतं. खरं तर तेवढंच सांगायला तोंड उघडलं नाही.

दादाला बाहेर उभं करणार नाही. त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवणार आहे. त्याला तसं विचारलं, तर म्हणाला, "धुतलेला शर्ट घालू का?" मी म्हटलं, घाल.

दादाशी कोणतं नातं आहे, हे पहिलं वाक्य. यादी त्यानंतर. उद्या, बुधवार, अठरा नोव्हेंबर, सकाळी पावणेआठला, खिडकी उघडायच्या आधी.

शंकू